मुंबईत मुक्काम कुठे करावा?

प्रश्न: आईबाबांना पहिल्यांदाच मुंबई दाखवायचीय, दोन रात्री राहणार. कुलाब्यात हॉटेल महाग पडतंय, उपनगरात स्वस्त मिळतंय. काय करू?

उत्तर: म्हातारी माणसं सोबत आहेत ना, मग कुलाबाच घ्या, कारण उपनगरातून रोज लोकलच्या गर्दीतून यायचं म्हटलं तर ती तिथेच थकून जातील. रूम छोटी असली तरी चालेल पण लिफ्ट आहे का ते आधी फोन करून नक्की विचारा, जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा नुसतेच जिने असतात.

तिथून गेटवे जवळच, सकाळी लवकर जा म्हणजे गर्दी नसते. गेटवे १९२४ चा आणि समोरचं ताज १९०३ चं, म्हणजे हॉटेल आधीचं, बाबांना हे ऐकून नवल वाटेल! छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही फार लांब नाही, गेटवे आणि या संग्रहालयाचा आर्किटेक्ट एकच, जॉर्ज विटेट.

घारापुरीची (एलिफंटा) लेणी मात्र चुकवू नका. गेटवेवरूनच बोट मिळते, साधारण तासभर लागतो, सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद. वर जायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, आईचे गुडघे दुखत असतील तर डोली करा. आत गेल्यावर शिवाच्या तीन चेहऱ्यांच्या त्रिमूर्तीसमोर निवांत थांबा, डावीकडचा चेहरा उग्र, उजवीकडचा कोमल आणि मधला इतका शांत की बघतच राहावंसं वाटतं.