सोपवलेली चिंता परत का येते?

प्रश्न : मुलाच्या नोकरीची चिंता रात्री प्रार्थनेत प्रभूच्या हाती सोपवते. सकाळी ती पुन्हा माझ्याच डोक्यावर. माझा विश्वास कमी पडतो का?

उत्तर : नाही, ताई. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हीच प्रार्थना ३ वेळा केली (बायबल, मत्तय २६:३९-४४). लूक ९:२३ मध्येही वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगितलाय, म्हणजे स्वतःची इच्छा सोडणं हे रोजचंच काम. बहुतेकदा चुकतं ते इथं : ‘सगळं तुझ्या हाती’ असं मोघम म्हणून आपण उठतो आणि नेमकी भीती मनातच राहते. ती स्पष्ट बोला : ‘प्रभू, मुलानं याच गावात राहावं हा माझा हट्ट आहे.’ मगच ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणा. अर्ज भरणं मुलाचं काम. ते थांबवू नका. भाकरी थापताना चिंता परत आली, तर पिठाच्या हातांनीच, तिथल्या तिथं, तेच वाक्य पुन्हा म्हणा.