वडिलांना (वय ६२) एकदाच लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही, आता लघवी स्वच्छ आहे. तरी डॉक्टरकडे जायला हवं का?

हो, याच आठवड्यात. आणि शक्यतो थेट युरॉलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञाकडे).

दुखलं नाही म्हणून लोक निवांत होतात, तिथेच फसगत होते. मुतखडा कळवळायला लावतो, जंतुसंसर्गात जळजळ होते. मूत्राशयाचा कर्करोग मात्र सुरुवातीला बहुतेकदा न दुखता फक्त रक्त दाखवतो. तेही एकदा दिसून पुढे कित्येक आठवडे गायब होतं. 'उष्णता झाली असेल' म्हणत धने-जिऱ्याचं पाणी प्यायलं, लघवी स्वच्छ झाली, की श्रेय धने-जिऱ्याला! रक्त आपसूकच थांबलेलं असतं.

आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, किंवा टीबीची रिफॅम्पिसिन चालू आहे का, एवढं आठवून बघा. त्यांनीही लघवी लालसर होते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरी 'त्यामुळेच असेल' म्हणून सोडून देऊ नका, तपासणी तेवढीच गरजेची.

लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी होईल. पण सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबू नका, मूत्राशयातली छोटी गाठ तिच्यात निसटू शकते. सिस्टोस्कोपीत बारीक दुर्बीण मूत्रमार्गातून आत घालून थेट बघतात. भूल देणारी जेली लावतात, काही मिनिटांचं काम. मूत्रपिंडांसाठी बहुधा सीटी सांगतील.

विडी-सिगारेट ओढत असतील, पूर्वी ओढायचे असतील, किंवा रंगाच्या कारखान्यात काम केलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. रंगकामगारांमधला मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका १८९५ पासून माहीत आहे. रक्त जाण्याचं कारण साधा संसर्ग किंवा वाढलेलं प्रोस्टेटही निघू शकतं, पण ते तपासूनच कळेल.

पुन्हा लाल लघवी झाली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गुठळ्या पडल्या किंवा लघवी तुंबली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.