जुन्या चारिझार्ड कार्डाची खरी किंमत कशी ठरवायची?

तुम्हाला माळ्यावर पोकेमॉनचं जुनं चारिझार्ड कार्ड सापडलंय, नेटवर कुणी दोन हजार मागतंय, कुणी तीन लाख, आणि खरी किंमत कुठली असं विचारताय. मागितलेला आकडा म्हणजे किंमत नव्हेच. यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, म्हणून लिहितोय.

आमच्याकडेही तेच होतं, ४/१०२, म्हणजे १०२ कार्डांच्या संचातलं चौथं. मामांनी अमेरिकेहून आणलेलं, माझं आणि दादाचं मिळून, कंपासपेटीत रबर लावून ठेवलेलं. मार्च २०२२ मध्ये एक चारिझार्ड ४,२०,००० डॉलरला गेल्याची बातमी आली आणि रात्री निफाडहून दादाचा फोन, "हात लावू नको, बंगला होईल." मी इथे नाशिकला कॉलेज रोडच्या खोलीवर भिंग घेऊन बसलो. बातमीतलं कार्ड पहिल्या आवृत्तीचं होतं. चित्राखाली डावीकडे शिक्का, चौकटीला सावली नाही, वर पीएसएचे, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या अमेरिकी कंपनीचे, दहापैकी दहा. आमच्यावर शिक्का नाही, चौकटीच्या उजवीकडे सावली, म्हणजे नंतर छापलेलं 'अनलिमिटेड'. चारही कोपरे पांढरे, कडेला रबराचा वळ.

मग ईबेवर फक्त विकली गेलेली कार्डं दिसतील असा फिल्टर लावला. तीन महिन्यांतले आमच्यासारख्याच अवस्थेतल्या कार्डांचे व्यवहार वहीत उतरवले, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा खोडला. उरलेल्यांचा मध्य बारा हजार रुपयांच्या आसपास आला. पुण्याच्या एका संग्राहकाला अकरा हजारांना दिलं, निम्मे पैसे त्याच दिवशी दादाला पाठवले. तरी दर दिवाळीला ऐकावं लागतं, "लाखाचं कार्ड मातीमोल घालवलंस."

दादा स्वतः कांदा पिकवतो. लासलगावचा कमाल भाव पेपरात आला म्हणून आपल्या ट्रॉलीला तो मिळतो का? कांदाचाळीत कोंब फुटलेल्या मालाला तर सरासरीही मिळत नाही. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, तो स्वतःच्या हाताने वेगळी काढतो. विक्रीच्या पट्टीवर लिहिला जातो तोच भाव, हे त्याने मला शिकवलं. कार्डाच्या बाबतीत तेच त्याला का पटत नाही?

किंमत काढण्याआधी कार्ड असली आहे का बघा. असली कार्डाच्या पुठ्ठ्यात मधोमध काळा थर असतो, कडेने भिंगातून पाहिलं की बारीक गडद रेघ दिसते. मेन रोडवरून शाळेत असताना घेतलेली आमची सगळी नकली निघाली. मार खाल्लेलं कार्ड ग्रेडिंगला, म्हणजे असे गुण मिळवायला, परदेशी पाठवू नका, खर्चच अंगावर येतो.

मात्र तुमच्या कार्डावर तो शिक्का असेल तर माझे आकडे विसरा, कार्ड पुसू नका, प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला आणि घाईत कुणालाही देऊ नका. शिवाय माझे भाव २०२२ चे आहेत, आणि ईबेवर विकलंत तर कमिशन आणि पाठवणी त्यातून जाईल.

आणि कार्डात भावाबहिणीचा वाटा असेल तर व्यवहारांचे स्क्रीनशॉट विकण्याआधी पाठवा. मी विकल्यावर पाठवले. ते मी मुद्दाम स्वस्तातले निवडले, असं दादा आजही म्हणतो. वही माझ्याकडे आहे, त्याने कधीही येऊन बघावी.