मे महिन्यातल्या लग्नासाठी फुलं कोणती घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं लग्न मे महिन्यात अमळनेरला आहे, मुहूर्त गोरज, मांडव उघड्या मैदानात. आणि डेकोरेशनवाला जरबेरा नि कार्नेशन घ्या म्हणतोय. मी जळगावची. आमच्या घरातली चारही लग्नं उन्हाळ्यातच झाली, म्हणून ठामपणे सांगते: जरबेरा घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो. त्या उन्हात जरबेरा दुपारीच मान टाकतो, आणि नवरदेव पारावरून मांडवात येईपर्यंत तर काहीच उरत नाही.

गोरज मुहूर्त असेल तर मोगऱ्यासारखं फूल नाही. हंगामही त्याचाच. पण सकाळी खुडलेल्या घट्ट, टपोऱ्या कळ्याच मागा. उमललेली फुलं संध्याकाळपर्यंत पिवळी पडतात. कळ्या मात्र ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवल्या की दिवेलागणीला नवरीच्या अंबाड्यावरच उमलतात. अंतरपाट दूर होताना तो वास सुटतो ना, त्यासाठी तरी कापडी गजरा आणू नका!

हारांसाठी निशिगंध आणि गुलाब. निशिगंध एकेरी पाकळ्यांचा घ्या, वास त्यालाच जास्त, आणि तो रात्री आणखी दरवळतो. हार आणल्यावर पाणी नीट निथळू द्या, नाहीतर शालूवर डाग पडतात. माझ्या वहिनीच्या शालूवरचा गुलाबाचा डाग अजून गेलेला नाही.

आता कार्नेशन. फूल तसं टिकाऊ, पण एका गोष्टीला फार हळवं. मावसभावाच्या लग्नात स्टेजसाठी आणलेली कार्नेशन आम्ही रात्री मागच्या गार खोलीत ठेवली. तिथेच रसासाठी आंब्यांची अढी घातलेली, शेजारी केळीचे दोन घड पिकायला लटकवलेले. सकाळी निम्म्याहून जास्त फुलांच्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या. फूलवाल्याने शिळा माल दिला म्हणून आम्ही त्याला नको ते बोललो. दोष त्याचा नव्हताच. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने फळ पिकतं आणि कार्नेशन मिटतं. खान्देशात मे महिन्यात आंबे-केळी नाहीत असं लग्नघर सापडायचं नाही, म्हणून फुलांची खोली वेगळीच ठेवा. देठ तिरके कापून स्वच्छ पाण्याच्या बादलीत उभे करा. खोलीत कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट फुलांवर नको, वाऱ्याने ती लवकर सुकतात.

मांडवाला झेंडू आणि आंब्याचे डहाळे पुरेत. केळीचे खांब रावेर-यावलकडून सहज मिळतील. फक्त ते आतल्या बाजूला, बोहल्याशी लावा, कारण बाहेरच्या गरम वाऱ्यात पानं चिरून लोंबतात.

त्या दिवशी तिथी दाट असेल तर मोगऱ्याचं आधीच बोलून ठेवा आणि गजरे मोजताना करवल्या, दोन्हीकडच्या आत्या-मावश्या, विहीणबाई सगळ्या धरा. पाहुण्यांच्या सत्काराला टोपी, टॉवेल, नारळ असतोच, तिथले हार कमी केले तरी चालतील. गजरे मात्र कमी पडू देऊ नका.