गेटवर अडवलं, आणि वर म्हणतात तुम्हीच नोकरी सोडली

प्रश्न : माझे मिस्टर चाकणजवळच्या एका कंपनीत 6 वर्षं प्रेस शॉपला ऑपरेटर होते, परमनंट. ओव्हरटाइमवरून सुपरवायझरशी बाचाबाची झाली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला गेले तर कार्ड पंच होईना, सिक्युरिटीवाला म्हणाला आत सोडायचं नाही अशी ऑर्डर आहे, एचआरला भेटा, आणि एचआरवाले काही भेटेनात. चार दिवस असंच. बारा दिवसांनी घरी पत्र आलं की तुम्ही विनापरवानगी गैरहजर आहात, स्टँडिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांप्रमाणे, तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली असं समजतो. कोर्टात नेमकं काय बघतात? शेजारी म्हणतात खाजगी नोकरीत काही होत नाही. – एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचं आधी मनातून काढून टाका. तुमच्या मिस्टरांच्या केससारखीच केस सुप्रीम कोर्टात गेली होती, जे.एम.ए. इंडस्ट्रीजची, निकाल 1993 चा. तिथेही 8 दिवसांपेक्षा जास्त गैरहजर म्हणून स्टँडिंग ऑर्डरच्या आधारे नाव काढलं होतं आणि कामगार सांगत होता की मी रोज जात होतो, मला गेटवरूनच परत पाठवत होते. लेबर कोर्टात तो हरला. पण सुप्रीम कोर्टाने म्हटलं की माणसाची रोजीरोटी अशी जाते तेव्हा त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी, चौकशी न करता नुसतं नाव काढलेलं चालणार नाही. त्याला कामावर परत घ्यायला लावलं आणि 50 टक्के मागचा पगार द्यायला लावला.

कोर्ट पहिल्यांदा हेच बघतं की नोकरी संपवली कोणी. नोकरी सोडली म्हणायचं तर सोडायचा इरादा दिसला पाहिजे, आणि 6 वर्षं परमनंट असलेला माणूस एका भांडणावरून राजीनामा न देता गायब होतो हे सहज कुणाला पटत नाही. तरी गेटवर अडवल्याचा पुरावा लागतो, आणि इथेच बरेच जण फसतात कारण गेटवर जे होतं ते तोंडी होतं. माझ्याकडे एक जण आला होता, त्याने रोज गेटवरून परत आल्यावर एचआरला एक ओळीचा ईमेल टाकला होता, 'आज 6.50 ला गेटवर आलो, आत सोडलं नाही, मी कामाला तयार आहे', असे नऊ ईमेल. उलटतपासणीत कंपनीच्या साक्षीदाराला त्या नऊ ईमेलचं उत्तर देता येईना. मिस्टरांना सांगा आजच कंपनीला पत्र लिहा, मी नोकरी सोडलेली नाही, कामावर घ्या, आणि स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, आयकार्ड एकत्र करा. त्या सकाळी सिक्युरिटीला किंवा सुपरवायझरला फोन केला असेल तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट लगेच काढा.

कंपनी कोर्टात आता भांडणाचा मुद्दा काढेल, शिवीगाळ केली वगैरे. मग कंपनीने चार्जशीट, म्हणजे लेखी आरोपपत्र, दिली होती का, खात्यांतर्गत चौकशी झाली का, हे प्रश्न येतात. चौकशी झालीच नसेल तरी कंपनी कोर्टासमोर गैरवर्तन सिद्ध करायची परवानगी मागू शकते, हेही लक्षात ठेवा. आणि गैरवर्तन सिद्ध झालं तरी शिक्षा अति आहे का हे कोर्ट बघतं.

मागच्या पगाराबद्दल 2013 चा निकाल माहीत असू द्या. आपल्याकडच्याच एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला काढलं होतं, शाळा न्यायाधिकरणाने पूर्ण पगारासह परत घ्या म्हटलं, औरंगाबाद खंडपीठाने पगाराचा भाग काढून टाकला, सुप्रीम कोर्टाने तो परत दिला. कामगाराने आधी शपथेवर सांगायचं की मधल्या काळात मला काम नव्हतं किंवा कमी पगाराचं होतं, मग तो चांगला कमावत होता हे दाखवायचं ओझं मालकावर. म्हणून मिस्टर मध्ये कुठे हंगामी काम करत असतील तर लपवू नका, खोटं पकडलं गेलं की अख्खी केस ढिली पडते.

आधी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात समेटासाठी अर्ज द्या. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात नोकरी गेल्यापासून 3 वर्षांची मुदत होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आलीये, तिच्यात 2 वर्षं, आणि समेट फसल्याचा रिपोर्ट आला की 90 दिवसांत न्यायाधिकरणात जायचं.

प्रश्न : मी हिंजवडीत टीम लीड होतो. मीटिंग रूममध्ये बसवून म्हणाले आत्ताच राजीनामा मेल कर नाहीतर रिलीव्हिंग लेटर विसर. मी केला. आता काही होतं का? – एक वाचक, वाकड

उत्तर : होतं, पण किती हे दोन गोष्टींवर आहे. हुद्दा काय लिहिलाय याला फार अर्थ नाही, तुम्ही रोज प्रत्यक्ष काय करत होतात ते बघतात, कोडिंग की माणसं सांभाळणं. मुख्य काम मॅनेजरचं निघालं तर तुम्ही कायद्याने कामगार ठरत नाही, मग दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि तिथे नोकरी परत मिळणं जवळजवळ नाहीच, नुकसानभरपाई मिळते, बऱ्याचदा नोटीस पिरियडच्या पगाराएवढीच. दुसरं म्हणजे दबाव सिद्ध तुम्हालाच करायचाय. किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण राजीनामा अजून मंजूर झाला नसेल तर आजच मागे घेतल्याचा मेल टाका, त्यात मीटिंगची वेळ, रूम आणि समोर कोण कोण होतं ते लिहा, आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या, कागदावर 'माझी काही तक्रार नाही' असं छापलेलं असेल तर सही करू नका.