इंजन शाफ्टला जुळवा, शाफ्ट इंजनाला नको

प्रश्न : काकाजी, आमची तीस फुटी लोखंडी बोट गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये चालते. माणसं, मोटारसायकली, धानाची पोती या काठावरून त्या काठावर नेतो. डिझेल इंजन बोटीच्या पोटातच आहे, त्यामागं गिअरबॉक्स, तिथून शाफ्ट बाहेर पंख्याला. मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा बोट काठावर ओंडक्यांवर घेतली. क्लच प्लेटा बदलायच्या होत्या म्हणून चेनकुप्पीनं इंजन काढलं अन् परत बसवलं. गिअरबॉक्स अन् शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगची तोंडं थोडी खालीवर दिसत होती, तर ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं बोल्ट कसून ओढून घेतली. आता बोट पाण्यात आहे. रेस वाढवली की फळ्या थरथरतात, शाफ्ट बाहेर जाते तिथं पाणी अडवणाऱ्या ग्लँडला हात लावला तर चटका बसते, अन् पाणी गळून राह्यलं ते वेगळंच. पंखा वाकला असेल काय?
– एक बोटवाला, ता. कुही, जि. नागपूर

उत्तर : भाऊ, पंख्याचं नंतर पाहू. तुमच्या पत्रातलं ‘बोल्ट कसून ओढून घेतली’ हे मी तीनदा वाचलं. दुखणं तिथंच आहे.

बोल्टनं ओढून तोंडं चिकटतात, पण रेषा जुळत नाही. शाफ्ट वाकून चिकटतो आणि फिरताना दर फेरीला वाकतो, सरळ होतो. गिअरबॉक्स दोनास एक असेल तर इंजनाच्या १५०० फेऱ्यांना शाफ्टच्या ७५० होतात. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा हा प्रकार. त्याचा मार ग्लँड, मागचा रबरी बुश आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खातात. नव्या क्लच प्लेटा घातलेला गिअरबॉक्स असा मरू द्यायचा नाही. तेव्हा जुळणी होईपर्यंत बोट धक्क्यालाच बांधून ठेवा.

मी पवनीचा. एकवीस वर्षं मुंबईत माझगावकडं लाँचच्या इंजनांवर काम केलं. पहिल्याच वर्षी एका लाकडी लाँचचं इंजन आम्ही कोरड्यात, फार निगुतीनं जुळवलं. फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पत्त्यांतली, पातळातली पातळ पाती जात नव्हती. दुसऱ्या दिवशी लाँच पाण्यात उतरवली, तर कपलिंगच्या खालच्या अंगाला अर्धा मिलिमीटर उघडलेलं! ओंडक्यांवर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट, दोघींचा आकार एक नसतो. लोखंडी बोट लाकडीपेक्षा कमी वाकते, पण इथं हिशोबच केसाएवढ्या फटीचा आहे. म्हणून बोट पाण्यात, टाकीत नेहमीएवढं डिझेल आणि बोट किमान एक दिवस तरंगून स्थिर झालेली, असं असेल तेव्हाच कामाला हात घाला.

आधी बॅटरीची तार काढा. मग शाफ्टला ग्लँडच्या आतल्या बाजूला क्लँप आवळा. हे विसरू नका. कपलिंग सुटल्यावर शाफ्ट मागं सरकून निसटला तर त्या भोकातून पाणी थेट आत येते. आता बोल्ट थोडे थोडे ढिले करा आणि तोंडांकडं पाहत राहा. ती ज्या बाजूला सरकतील तेवढा ताण तुमचा शाफ्ट आजवर सोसत होता.

कपलिंग सुटलं की शाफ्ट स्वतःच्या वजनानं खाली लोंबतो, आणि लोंबत्या शाफ्टला इंजन जुळवलं तर सगळं चुकतं. बोटीत मासळी तोलायचा लटकता काटा असेलच, तोच घ्या. समजा तुमचा शाफ्ट ३० मिलिमीटर जाडीचा आहे; त्याचं वजन मीटरला साधारण साडेपाच किलो. ग्लँडच्या पुढं तो ६० सेंटिमीटर मोकळा असेल तर ते झालं ३.३ किलो. त्याचं अर्धं, १.६५ किलो, आणि कपलिंगचं पूर्ण वजन, समजा अडीच किलो. काट्यावर ४ किलोच्या वर थोडं दिसेपर्यंत शाफ्ट उचलून धरा आणि लाकडी पाचरीवर टेकवा. ही त्याची खरी जागा. आता इंजन इथं यायचं, शाफ्टनं इंजनाकडं जायचं नाही.

दोन्ही तोंडं हातानं जवळ आणा. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात अलगद बसला पाहिजे. हातोडी लागली तर इंजनाची उंची किंवा बाजू अजून चुकलेली आहे. ते बसलं की फीलर गेजनं वर, खाली, डावीकडं, उजवीकडं फट मोजा. कपलिंग १०० मिलिमीटर व्यासाचं असेल तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

मग इंजनाकडचं तोंड तसंच ठेवून शाफ्ट पाव फेरी फिरवा, पुन्हा मोजा. रुंद फट जागच्या जागी राहिली तर दोष इंजनाच्या बसण्यात. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्यावरचं कपलिंग तिरपं बसलं आहे, आणि तेव्हा इंजन कितीही हलवलं तरी उपयोग नाही. शाफ्ट लेथवर न्यावा लागेल.

इंजन हलवताना आधी उंची, मग बाजू. समजा वर ०.३ आणि खाली ०.१ मिलिमीटर फट आली. वरची उघडी म्हणजे इंजनाचं नाक (गिअरबॉक्सच्या उलट टोक) खाली झुकलेलं, पुढचे दोन्ही माउंट, म्हणजे इंजनाचे रबरी पाय, वर घ्यायचे. किती? पुढच्या आणि मागच्या माउंटमध्ये ६०० मिलिमीटर, म्हणजे कपलिंगच्या व्यासाच्या सहापट अंतर असेल तर फटीतला फरक ०.२ गुणिले ६ म्हणजे १.२ मिलिमीटर. डावा-उजवा नट सारखाच फिरवा. नाक उचललं की मागचं तोंड जरासं खाली जातं, म्हणून उंची परत पाहावी लागते. तीन-चार फेऱ्या होतात, घाई करू नका. चारही माउंटवर भार पडला का तेही पाहा. एक जरी सैल राहिला तर डगमगणाऱ्या खाटेसारखं होते. डिझेल पिऊन फुगलेलं रबर असेल तर चारही बदला, एक-दोन नको.

लॉकनट आवळला की माप सरकते. आवळून झाल्यावर पुन्हा फीलर घाला. मी नेहमी घालतो. मगच कपलिंगचे बोल्ट, समोरासमोरचे, थोडे थोडे.

तापलेल्या ग्लँडची दोरी बहुधा करपली आहे, नवी भरा. फार आवळू नका. बोट चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडू द्या, त्यानंच ती थंड राहते. बोट उभी असताना मात्र गळू नये. नवे रबर दबतात, म्हणून दहा-पंधरा तास चालवल्यावर फट परत मोजा.

आता पंखा. धक्क्याला दोर बांधून इंजन न्यूट्रलमध्ये रेस करा. तेव्हाही थरथरलं तर माउंट किंवा इंजन. न्यूट्रलमध्ये शांत, गिअर टाकला की थरथर, आणि जुळणी वरच्या मापात, असं झालं तर पंख्याची पाती तपासा. नाही तर पाण्यात बुडी मारायची गरज नाही.