ट्रंकेत सापडलेलं रिव्हॉल्व्हर: "अँटिक आहे, लायसन लागत नाही" हे खरं का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. जुना वाडा पाडायला काढलाय, माळा रिकामा करताना आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली आणि तिच्यात एक छोटं रिव्हॉल्व्हर, एका वेळी एकच गोळी जाणारं लांब नळीचं पिस्तूल, पत्र्याच्या डबीत थोडी काडतुसं आणि आजोबांच्या नावाचं लायसनचं पुस्तक, शेवटचं रिन्यूअल १९७९ चं. पुस्तकात रिव्हॉल्व्हरची नोंद आहे, पिस्तुलाची नाही. आजोबा आणि वडील दोघंही आता नाहीत. घरात प्रत्येकाचं मत वेगळं, काका म्हणतात विहिरीत टाका आणि मोकळे व्हा, अमेरिकेतला भाऊ म्हणतो मला पाठव, भाची शूटिंग शिकते तिला पिस्तूल पाहिजे, आणि जुन्या वस्तू घेणारा एकजण म्हणतो की ही १८५७ च्या बंडातली अँटिक आहेत, लायसन लागत नाही, रोख देतो. ताई विचारतायत, मी गुन्हा केलाय का आणि आता करू काय?

ताई, आधी घाबरणं थांबवा. ट्रंक उघडेपर्यंत तुमचा गुन्हा नव्हता. आर्म्स अ‍ॅक्टमध्ये ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या केसमध्ये हे सांगितलंय, आपल्याकडे वस्तू आहे हे माहीत पाहिजे आणि तिच्यावर आपला कंट्रोल पाहिजे. पण आता तुम्हाला माहीत झालंय, तुम्ही फोटो काढलेत, मला पाठवलेत, म्हणजे इथून पुढे "मला माहीतच नव्हतं" हे चालणार नाही. आता जितके दिवस काढाल तितकं उत्तर देणं जड जाईल.

आता त्या रोख देणाऱ्याचं बघू. कायद्यात कलम ४५ आहे, त्यातल्या क पोटकलमात जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला हा कायदा लागू नाही असं म्हटलंय खरं. सगळे इथपर्यंतच वाचतात. पुढे लिहिलंय की ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसलं पाहिजे. सगळी मेख तिथेच आहे. म्हणजे वय किती हा प्रश्न नंतरचा, आधी त्यातून गोळी सुटू शकते का ते बघायचं. आणि ते कळायला हत्याराची बनावट बघावी लागते, म्हणून थोडं विषयांतर करतो, मला या विषयाची आवड आहे हेही खरं.

छोट्या बोअरची, म्हणजे बारीक भोकाच्या नळीची, कहाणी साधारण पॅरिसच्या फ्लोबेरपासून सुरू होते. त्याने १८४५ च्या सुमारास घोडा आपटला की फुटणाऱ्या दारूच्या टोपीवरच बारकी गोळी बसवली आणि त्यावर हलकी पिस्तुलं बनवली, लोक दिवाणखान्यात त्यांनी नेमबाजी करायचे. तिकडे लफोशो या फ्रेंच बंदूककाराची पिनची काडतुसं होती, बाजूला खिळ्यासारखी पिन बाहेर आलेली, तिच्यावर घोडा आपटायचा. पिनवालं रिव्हॉल्व्हर निघालं असतं तर आपली बाजू बरीच मजबूत असती कारण ती काडतुसं आज दुकानात मिळत नाहीत. मग १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने २२ बोअरचं सात गोळ्यांचं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं, नळी वरच्या बाजूला उचलली जायची आणि सिलेंडर, म्हणजे गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग, हातात काढून भरायचं. सिलेंडरला आरपार भोक पाडून मागून काडतूस भरायचं पेटंट रोलिन व्हाइटचं होतं, ते १८६९ ला संपलं आणि मग सगळ्यांनीच धडाका लावला, १८७० च्या दशकात इंग्लंडच्या वेब्लीचं बुलडॉग हे छोटं रिव्हॉल्व्हर आलं, बेल्जियममधल्या लीएजच्या कारखान्यांनी त्याच्या स्वस्त नकला काढल्या. त्याच काळात मधून मोडणारी, म्हणजे बिजागरीवर नळी खाली वाकणारी, रिव्हॉल्व्हरं आली, मोडलं की रिकामी काडतुसं आपोआप वर येतात. आणि शेवटी सिलेंडर बाजूला बाहेर येणारी, कोल्टने १८८९ मध्ये काढली, स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये.

तुमच्या फोटोत काय दिसतंय? सिलेंडर डावीकडे बाहेर आलंय, सहा घरं आहेत, नळीवर स्मिथ अँड वेसनचं नाव आणि ३२ लाँग कोरलेलं आहे. म्हणजे १८५७ चं बंड विसरा, ही वस्तू १८९६ च्या आधीची असूच शकत नाही. आणि ते ३२ लाँग काडतूस जे त्या १८९६ च्या रिव्हॉल्व्हरसोबतच आलं, ते आजही बनतं, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं जे ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर लायसनवर मिळतं त्यात तेच लागतं. तुमचं रिव्हॉल्व्हर शंभर वर्षांचं असेलही, पण कायद्याच्या दृष्टीने ते जिवंत हत्यार आहे, कलम ४५ त्याला वाचवणार नाही.

पिस्तुलाच्या नळीखाली अंडाकृती शिक्का आहे, आत ई एल जी, वर मुकुट. हा लीएजच्या टेस्टिंग हाउसचा शिक्का, मुकुट १८९३ पासून यायला लागला, म्हणजे हेही त्यानंतरचं. नळी लांब, मागचं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, स्क्रूने हलतं, म्हणजे नेमबाजीसाठीच केलेलं. त्या काळी अचूक नेम पाहिजे तर सिलेंडर नकोच म्हणायचे, कारण सिलेंडर आणि नळीच्या मध्ये फट राहते आणि प्रत्येक घर नळीसमोर अगदी सारखं येईलच असं नसतं. स्मिथ अँड वेसनने तर १८९० च्या दशकात आपल्याच रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमवरून सिलेंडर काढून टाकून एका गोळीची लांब नळी बसवली होती. तुमच्या पिस्तुलावर २२ लिहिलंय म्हणून कोणी आजचं २२ चं काडतूस घालून बघायला जाईल, अजिबात करू देऊ नका, जुनी हलकी पिस्तुलं कमजोर काडतुसांसाठी केलेली असतात, फुटलं तर बोटं जातील. आणि कायद्याने बघितलं तर २२ ची काडतुसंही बाजारात आहेत, त्यामुळे "वापरता येण्यासारखं नाही" हे तुम्ही म्हणून भागणार नाही.

इथे एक बारीक वाट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्म्स रूल्समध्ये बदल झाला, त्यानुसार क्युरिओ, म्हणजे संग्रहात ठेवण्यासारखी जुनी वस्तू, या वर्गात बसणारं हत्यार भारतीय नागरिकाने नुसतं घरात ठेवायला लायसन लागत नाही, पण वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला लागतं, आणि लायसनवर नोंद नसेल तर त्याची काडतुसं कोणी विकणार नाही. आता आपलं हत्यार क्युरिओ आहे हे आपणच ठरवून भिंतीवर टांगायचं, असं करू नका. लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, तुमच्याकडे म्हणजे कलेक्टर ऑफिसकडून, लेखी घ्या. लेखी नसेल तर उद्या एखाद्या हवालदाराला क्युरिओ म्हणजे काय हे समजावत तुम्ही स्टेशनमध्ये बसाल.

आता करायचं काय. ट्रंक आहे तिथेच ठेवा, कुलूप लावा, चावी एकाच माणसाकडे. हत्यार पिशवीत घालून स्कूटरवरून पोलीस स्टेशनला नेऊ नका, वाटेत कोणी अडवलं तर आपल्याच पायावर धोंडा. आधी लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर पोहोच घ्या. त्यात कधी आणि कुठे सापडलं, कोण हजर होतं, लायसनची झेरॉक्स, आजोबा आणि वडिलांचे मृत्यूचे दाखले, आणि कलम २१ खाली जमा करायचं आहे ही विनंती. काडतुसांचा उल्लेख विसरू नका, लोक हमखास विसरतात, आणि विनालायसन काडतुसं ठेवणं हाही तोच गुन्हा आहे. पोलीस येऊन पंचनामा करून नेतील, पावतीवर मेक, बोअर, नंबर, काडतुसांची संख्या सगळं लिहिलंय ना ते तिथेच वाचून बघा. "एक जुनी बंदूक" एवढीच पावती घेऊन घरी आलेले लोक मी पाहिलेत, नंतर परत मागताना नाकी नऊ येतात.

शिक्षेचं विचारलंत म्हणून सांगतो, विनालायसन ताब्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आणि दंड. पण कलम ३ च्या, म्हणजे विनालायसन ताब्याच्या, गुन्ह्यात खटला चालवायला कलम ३९ प्रमाणे जिल्हा मॅजिस्ट्रेटची मंजुरी लागते, आणि जो माणूस स्वतः अर्ज देऊन जमा करतो त्याच्याविरुद्ध मंजुरी मिळणं अवघड असतं. काकांचा विहिरीचा सल्ला मात्र पाळू नका, आजोबांच्या लायसनवर ते रिव्हॉल्व्हर आहे, उद्या कोणी विचारलं की कुठे गेलं तर उत्तर काय देणार? नंबर घासायचं तर मनातही आणू नका, तो कलम ८ चा वेगळा गुन्हा.

जमा केल्यावर ठेवायचंच असेल तर २०१६ च्या रूल्समधल्या नियम २५ खाली वारस म्हणून लायसनसाठी अर्ज करता येतो. बाकी वारसांची ना-हरकत मागतात, म्हणजे तुमच्या दोन्ही आत्यांच्या सह्या आल्या, वाड्याच्या वाटणीवरून बोलणं बंद असेल तर आधी ते मिटवा. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं, वारसाहक्काने मिळाली तरी दोनच. ठरलेल्या मुदतीत हालचाल केली नाही तर जमा केलेलं सरकारजमा होतं. माझं मत विचाराल तर रिव्हॉल्व्हरचं लायसन करा कारण कागद आहे, पिस्तुलासाठी क्युरिओचा अर्ज टाकून बघा, नाही झालं तर सोडून द्या.

रोख देणाऱ्याला आजच नाही म्हणून सांगा. कायदेशीर ताब्यातलं हत्यार लायसनवाल्याला विकायचं तरी आधी पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, आणि तुमचा ताबा अजून कायदेशीरच नाही. अशा बेकायदा विक्रीला आता किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. भावाला सांगा की शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, आणि हत्यार निर्यातीचं लायसन वेगळंच, कुरिअरवाला पार्सल उघडेल ते वेगळं. राहिली भाची. तिला राही सरनोबतसारखं २५ मीटर पिस्तूल खेळायचंय तर तिथे पाच-पाच गोळ्यांच्या सिरीज असतात, एका वेळी एकच गोळी जाणारं पिस्तूल तिच्या काही कामाचं नाही. तिने क्लबमधून ज्युनियर शूटरच्या रीतसर मार्गाने आजच्या काळातलं घ्यावं, त्याचे नियम वेगळे आहेत आणि बरेच सोपे आहेत.